हेमांगी मॅडमचं शून्य

प्रेमराज पाटील सरांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि ते दीड वर्ष कुणाच्याही अध्यात-मध्यात न पडता काढायचं त्यांनी ठरवलं होतं. पण ठरवणाऱ्याच्या नशिबी शांतता नसते. धुळ्याच्या त्यांच्या कॉलेजात पदोन्नतीच्या फायली तपासून कमिटीपुढे ठेवायचं काम सहा वर्षांपासून त्यांच्या गळ्यात होतं. दुसरं कुणी ते घ्यायला तयार नव्हतं, आणि सरांना नाही म्हणता येत नव्हतं. जामनेरहून येऊन तीस वर्षं झूलॉजी शिकवली, बेडकापासून झुरळापर्यंत सगळं कापून दाखवलं, पण नाही म्हणायला काही शिकले नाहीत.

सोमवारी कमिटी येणार होती. विषयपत्रिकेवर एकच नाव होतं, बॉटनीच्या हेमांगी फेगडे मॅडम, असोसिएट प्रोफेसर पदासाठी. बाईंचा हक्क लागू झाला होता जुलै दोन हजार बावीसला आणि आता पंचवीसचा जानेवारी चालू होता. मधल्या काळात कधी अध्यक्षांना वेळ नव्हता, कधी निवडणुकीची आचारसंहिता होती, आणि एकदा तर कॉलेजच पत्र पाठवायला विसरलं. आपल्याकडे कामाला उशीर झाला की त्याला कारण लागत नाही, कारणं आपोआप जमतात.

उशिराचं एवढं काही नव्हतं. बढती मागच्या तारखेपासून मिळते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरी अडचण फायलीत होती. नियम असा की शेवटच्या तीन वर्षांपैकी निदान दोन वर्षं तरी माणसाने नेमून दिलेल्या तासांपैकी सत्तर टक्के तास घेतलेले असावेत. मॅडमच्या तीन वर्षांत कोरोनाची दोन वर्षं येत होती. पहिल्या वर्षाच्या वार्षिक नमुन्यात, रकाना क्रमांक नऊमध्ये, त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: शून्य. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रासाठीही शून्य.

त्या शून्याची किंमत सरांना पाठ होती. सोमवारी फाइल नापास झाली तर मॅडमची तारीख दोन वर्षं पुढे जाणार. त्यांच्याच विभागातल्या, आठ वर्षांनी लहान असलेल्या किरण सरांची फाइल मार्चमध्ये यायची होती, आणि तिच्यात शून्य कुठेच नव्हतं. म्हणजे ज्या पोराला मॅडमनी स्लाइड कशी रंगवायची हे शिकवलं, तो सेवाज्येष्ठतेत त्यांच्या पुढे जाणार आणि उद्या विभागप्रमुख होऊन त्यांच्याच रजेच्या अर्जावर सही करणार.

आणि रकाना क्रमांक नऊ कुणी तयार केला होता? प्रेमराज सरांनीच.

वीस सालचा जून होता. प्राचार्यांचा फोन आला, "सर, उद्या सकाळपर्यंत ऑनलाइन तासांचा नमुना हवा." सरांनी तो अर्ध्या तासात केला. घरात बायको खोकत होती, बाहेर रस्त्यावर पोलिसांची गाडी फिरत होती, आणि सरांच्या डोक्यात एवढंच होतं की हे एकदाचं हातावेगळं व्हावं. त्यांनी टाइप केलं: 'घेतलेले ऑनलाइन तास (लिंक व स्क्रीनशॉट जोडावा).' दुसरा रकाना त्यांनी ठेवलाच नाही. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही अशा पोराला कुणी साध्या फोनवर शिकवेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मग सगळं कॉलेज त्या रकान्याच्या मागे लागलं. किरण सरांचे दोनशे छत्तीस तास भरले. इंग्रजीच्या बाईंनी दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस लिहिले, म्हणजे बाई एक दिवस शिंकल्यासुद्धा नव्हत्या. स्वतः प्रेमराज सरांचे दोनशे अठ्ठावीस. ते सकाळी लॅपटॉप उघडायचे, लिंक टाकायचे, दहा मिनिटं वाट बघायचे. कधी चार पोरं यायची, कधी तीन. अनेकदा पडद्यावर फक्त त्यांचाच दमलेला चेहरा असायचा. मग ते त्या चेहऱ्याचा स्क्रीनशॉट घ्यायचे आणि चहा प्यायला उठायचे. ही लबाडी आहे असं तेव्हा वाटलंही नाही. पोरं येत नाहीत त्याला मी काय करू, असं ते म्हणायचे, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण एवढ्यावरच त्यांची स्वतःची प्रोफेसरपदाची फाइल तेवीस साली बिनबोभाट मंजूर झाली होती.

मॅडमना त्यांनी त्या वेळीच टोकलं होतं. "अहो, काहीतरी लिहा ना मॅडम."

"काहीतरी कसं लिहू सर? मी ऑनलाइन घेतलेच नाहीत. फोनवर घेतले."

"मग तेच आकडे लिहा."

"लिंक कुठून आणू?" असं म्हणत बाईंनी पिशवीतून दोनशेपानी पाच वह्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. "ह्या जोडते."

"हे ठेवायला ऑफिसात जागा नाही," सर म्हणाले होते. वह्या परत गेल्या आणि नमुन्यात शून्य राहिलं.

आता शनिवारी त्यांनी त्या वह्या मागवून घेतल्या. चहा घेऊन आलेला झुलाल शिपाई दारात घुटमळला. तो शिरपूरकडच्या गावचा, अहिराणीतच बोले आणि बोलायला भीत नसे.

"सर, मॅडमनं काम व्हई ना?"

"बघू."

"मनी भाची त्यासनाच फोनवर शिकनी. बठ्ठासले माहीत शे, सर. फक्त कागदले माहीत नही."

"सगळ्यांना माहीत आहे, कळलं. चहा ठेव आणि जा," सर म्हणाले. चिडायचं तर स्वतःवर होतं, पण माणूस हाताशी असेल त्याच्यावर चिडतो.

पहिली वही त्यांनी नुसती चाळावी म्हणून उघडली आणि संध्याकाळी पाचपर्यंत जागचे हलले नाहीत. बाईंची पद्धत साधी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर घरटी एक बटणाचा फोन, तोही बापाच्या खिशात. बाप मजुरीला निघायच्या आधी, सकाळी साडेसहाला, पोरं रेंज येते त्या टेकाडावर जायची आणि मॅडमना मिस्ड कॉल द्यायची. मॅडम उलट फोन करून पाच-पाच जणांना एका वेळी जोडून घ्यायच्या. मग दुसरे पाच, मग तिसरे. एकच धडा तीनदा, चारदा. प्रत्येक मिस्ड कॉलची वेळ लिहिलेली, प्रत्येकाचं नाव, कुणी काय विचारलं ते. 'सरिता पावरा, ६.४०. पळसाचं पान हातात घ्यायला सांगितलं, उलटं करून शिरा मोजल्या. मध्येच रेंज गेली. ७.१० ला पुन्हा.' 'बादल, ६.५५. बाप फोन मागत होता, अर्धाच तास.'

एप्रिल एकवीसच्या पानावर शाई फुटलेली होती. 'आज मी जळगावला. ह्यांना ऑक्सिजन लावलाय. शिकवणं झालं नाही. दवाखान्याच्या आवारातून फक्त हजेरी घेतली, सगळे सुखरूप आहेत.' हा तास बाईंनी मोजलेला नव्हता. पुढे कंसात लिहिलं होतं: धरू नये.

सरांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्या वहीत मात्र ते अडखळले. 'दिवल्या, ७.२५. झूलॉजी. बेडकाचं हृदय, कप्पे तीन. मी पुस्तकातून वाचून दाखवलं.' दुसऱ्या दिवशी पुन्हा 'झूलॉजी', चार नावं. मग दर आठवड्याला मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसात, हा त्याच वर्गावर प्रेमराज सरांचा तास होता. ते पडद्यावर स्वतःचा चेहरा बघत बसायचे तेव्हा त्यांची पोरं टेकाडावर बसून बॉटनीच्या बाईंकडून बेडूक शिकत होती.

तीस वर्षांत सरांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. ती लाज घेऊन ते घरी गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तोही गेला. लाजेने कुणी मरत नाही, हीच तर अडचण आहे.

सोमवारी साडेअकराला कमिटी आली. अध्यक्ष जीवराम सोनवणे, जळगावचे एक निवृत्त प्राचार्य, हसतमुख गृहस्थ, कुणाचं वाईट व्हावं असं मनात न आणणारे. बरोबर एक विषयतज्ज्ञ बाई आणि शासनाचे एक प्रतिनिधी, ज्यांचं निम्मं लक्ष मोबाइलवर होतं. कॉलेजचे प्राचार्य होतेच. शाल-श्रीफळ झालं. आपल्याकडची जुनी रीत अशी की ज्याची फाइल त्याने कमिटीचं जेवण करायचं. हेमांगी मॅडमनी सकाळपासून स्टाफरूममध्ये भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांचा घाट घातला होता. भरताची हिरवी वांगी माहेरहून, सावद्याहून आणवली होती. नवरदेवानेच वऱ्हाडाला वाढायचं, तशातला प्रकार.

मॅडमची मुलाखत पंधरा मिनिटांत झाली आणि छान झाली. विषयतज्ज्ञ बाई तर खूशच झाल्या. मॅडम बाहेर गेल्या आणि अध्यक्षांनी नमुना उघडला.

"हे काय हो पाटील सर? शून्य?"

प्रेमराज सरांनी वह्या पुढे केल्या. सगळं सांगितलं. टेकाड, मिस्ड कॉल, पाच-पाच पोरं. पहिल्या वर्षी तीनशे एक्केचाळीस तास भरतात, मी स्वतः बेरीज केली आहे, म्हणाले. विषयतज्ज्ञ बाईंनी एक वही उघडली आणि बराच वेळ मिटली नाही. अध्यक्षही हळहळले. "वा, वा! याला म्हणतात शिकवणं."

शासनाच्या प्रतिनिधींनी मोबाइल बाजूला ठेवला. "कौतुक मान्य. पण नमुन्यात ऑनलाइन लिहिलंय. फोन कुठे बसवायचा? कॉलेजने नमुना दुरुस्त केला असेल तर दाखवा."

"करू या दुरुस्त," सर म्हणाले. "नमुना माझाच आहे. चूक माझी आहे."

आता प्राचार्य खुर्चीत सावरून बसले. "मागच्या तारखेने नमुना बदलला तर त्या वर्षीच्या सगळ्या फायली उघडाव्या लागतील. अकरा जणांच्या बढत्या झाल्यात त्यावर, सर. तुमचीही."

"उघडा," सर म्हणाले. तोंडातून शब्द गेला आणि त्यांना जरा हलकं वाटलं, म्हणून ते थांबले नाहीत. "माझ्या रकान्यात दोनशे अठ्ठावीस आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त तासांना वर्गात एकही पोर नव्हतं. माझी पोरं फेगडे मॅडमकडे शिकत होती. ह्या वहीतच आहे, बघा. माझे तास काढा आणि यांचे धरा."

बाहेरून तळणीचा वास येत होता. हात दाखवून अवलक्षण कसं करतात हे प्राचार्यांना त्या दिवशी प्रत्यक्ष बघायला मिळालं, आणि ते सरांकडे अशा नजरेने बघत होते की यांना घरी सोडायला कुणाला पाठवावं.

अध्यक्ष मात्र शांतपणे हसले. "पाटील सर, तुमची फाइल आज विषयपत्रिकेवर नाही."

"पण मी सांगतोय ना..."

"तुम्ही सांगताय, मी ऐकलं. इतिवृत्तात घेता येणार नाही. जो विषय नाही त्यावर चर्चा कशी करणार?" मग त्यांनी आवाज खाली आणला. तो खरोखरच मायेचा आवाज होता. "हे बघा, बाईंचं नुकसान व्हावं असं इथे कुणालाच वाटत नाही. कुणाच्या फायली उघडू नका. बाईंकडून एक सुधारित नमुना भरून घ्या. दोनशेच्या वर एक आकडा. लिंका काय, कधीच्या बंद पडल्यात, कुणी उघडत नाही. तुम्ही पडताळणीची सही करा. आम्ही जेवण झाल्यावर मंजूर करतो. तारीख बावीसचीच."

"सोपं आहे," शासनाचे प्रतिनिधी म्हणाले.

विषयतज्ज्ञ बाईंनी वही मिटून सरांकडे परत दिली.

कोरा नमुना घेऊन प्रेमराज सर स्टाफरूमकडे निघाले. गुडघा दुखत होता. खरं बोललो आणि कुणाचं काही बिघडलं नाही, या गोष्टीचा त्यांना विलक्षण थकवा आला होता. खोटं बोलायला तरी थोडं धैर्य लागतं, पण असं उशिरा बोललेलं खरं कुणाच्या कामाचं नसतं. बैल गेल्यावर त्यांनी झोपा केला होता, आणि लोक म्हणत होते, छान आहे झोपा, आता जेवून घ्या.

मॅडम पदर खोचून ताटं मांडत होत्या. त्यांनी सरांचा चेहरा बघितला आणि हातातली वाटी खाली ठेवली.

"झालं नाही ना?"

"होतंय," सर म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्वतः काय बोलले तेही सांगितलं. मग नमुना टेबलावर ठेवला. "एवढं भरायचं. तुमची मर्जी असेल तर."

ते असं म्हणाले खरे, पण मनातून त्यांना काय हवं होतं? बाईंनी तो कागद परत ढकलावा. नाही म्हणावं. अख्ख्या कॉलेजात खरा असा एकच आकडा होता, आणि तो ते शून्य होतं. ते तसंच राहावं, निदान कुणीतरी ताठ राहावं. स्वतःला जे कधी जमलं नाही ते दुसऱ्याने करून दाखवावं आणि आपण लांबून मान डोलवावी, ही इच्छा किती फुकटची आहे हे त्यांना कळत होतं. तरी ती होती.

मॅडमनी कागद उचलून वाचला. मग म्हणाल्या, "तीनशे एक्केचाळीस लिहू?"

"तेवढे नाही लिहिता येणार. नेमून दिलेलेच दोनशे चाळीस आहेत. त्याहून जास्त दिसले की शंका येते."

"म्हणजे घेतले त्यापेक्षा कमी लिहायचे."

"हो."

बाई हसल्या. त्या हसण्यात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. "सर, पहिली दोन वर्षं मी त्या शून्याचा तोरा मिरवला. आपण काय केलं ते आपल्याला माहीत आहे ना, मग झालं, असं वाटायचं. पुढे जो तो विचारायला लागला, मॅडम, लॉकडाउनमध्ये तुम्ही काय केलं हो? किरणने पण विचारलं एकदा, मस्करीत. घरी हे विचारतात, तुझंच का अडलंय? मी प्रत्येकाला वह्या दाखवत फिरू का?" त्यांनी पदराने हात पुसले. "दमले मी आता. पेन द्या."

सरांनी खिशातलं पेन काढून दिलं. देताना हात जरा रेंगाळला, ते मॅडमच्या लक्षात आलं असावं. त्या तिथेच, ताटं सरकवून, पुऱ्यांच्या डब्याशेजारी उभ्या उभ्या लिहायला लागल्या. विषय, वर्ग, वर्ष. रकाना क्रमांक नऊमध्ये त्यांनी दोनशे बत्तीस लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

"लिंका?"

"माझ्याच उतरवा," सर म्हणाले. "ही यादी. वानगीला वीस ओळी पुरतात."

ती त्यांच्या मंगळवार-शुक्रवारची यादी होती. मॅडम एकेक ओळ उतरवू लागल्या. लिंक, तारीख, वेळ, साडेसात, साडेसात, साडेसात. मध्येच एका तारखेवर त्या थांबल्या. सरांनी वाकून बघितलं. एकवीसचा एप्रिल, तेवीस तारीख.

"ह्या दिवशी मी जळगावला होते," त्या म्हणाल्या.

"गाळा मग."

"नको. आकडा कमी पडेल." त्यांनी ती तारीख लिहिली. मग शेवटच्या रकान्याशी येऊन त्यांनी मान वर केली. "हजर विद्यार्थी किती लिहू?"

सरांना कधी चार, कधी तीन असं सांगायचं होतं. बाहेर व्हरांड्यात अध्यक्षांचं हसणं ऐकू आलं, पाहुणे हात धुवायला निघाले होते.

"वर्गाच्या पटावर आहेत तेवढे," सर म्हणाले. "चौसष्ट."

मॅडमनी चौसष्ट लिहिलं, खाली सही केली आणि कागद सरांच्या हातात दिला. मग झाकण उघडून पुऱ्या गरम आहेत का ते हाताने बघितलं आणि म्हणाल्या, "या सर, तुम्हीही बसा आता पंगतीला."